अठराशे पौंडांत आम्ही सहाजण

माझं वजन माझ्या नवऱ्याने पहिल्यांदा विचारलं ते लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर, आणि तेही लॅपटॉप उघडून, एका चौकटीत भरायला. मी जे सांगितलं त्यात त्याने माझ्यादेखत दहा पौंड मिळवले. "सेफ्टी फॅक्टर," म्हणाला. त्या दिवशी आमच्या घरात जेवताना फारसं कुणी बोललं नाही.

नवऱ्याचं नाव मिलिंद. आम्ही डेट्रॉइटच्या शेजारी ट्रॉयला राहतो आणि तो गाड्यांचे ब्रेक डिझाइन करतो. ब्रेकवाल्या माणसाशी संसार म्हणजे काय, ते त्याच्या बायकोलाच ठाऊक. आमच्याकडे कुठलीही गोष्ट सुरू करायच्या आधी ती थांबवायची कशी याची चर्चा होते. मी नागपूरची. आम्ही आधी सुरू करतो, मग बघतो.

तर गोष्ट ट्रेलरची. इकडे पुष्कळ लोक उन्हाळ्यात गाडीमागे घर जोडून हिंडतात. म्हणजे पिकअप ट्रकच्या मागे चाकांवरची एक खोली अडकवायची, तिच्यात पलंग, ओटा, फ्रिज, संडास सगळं असतं, आणि ती नेऊन जंगलात नाहीतर तळ्याकाठी उभी करायची. आमच्याकडे असा एक छोटा ट्रेलर होता. आम्ही दोघं, तेरा वर्षांची इरा आणि आठ वर्षांचा अर्णव त्यात कसेबसे मावायचो. गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून सासूसासरे आले, तेव्हा त्यांनाही आम्ही त्यात कोंबलं. बाबा जेवणाच्या टेबलाचा पलंग करून त्यावर झोपायचे आणि रोज सकाळी तिथूनच "चहा झाला का?" विचारायचे, कारण ते उठल्याशिवाय कुणाला बसायला जागाच नसायची.

यंदा मे महिन्यातच आईंनी सांगून टाकलं, "तुम्ही जा बाई. आम्ही घरीच बरे." मिलिंदला वाटलं, आईला कंटाळा येतो. बाबांना वाटलं, हिला मालिका चुकवायच्या नाहीत. खरं कारण त्यांनी मला सांगितलं, मेथी निवडताना, मान वर न करता. गेल्या वर्षीच्या त्या सहलीत त्या जवळजवळ पाणीच प्यायल्या नव्हत्या. ट्रेलरमधल्या संडासाची पायरी उंच, आत वळायला जागा नाही, गुडघे साथ देत नाहीत. कॅम्पवरचा सार्वजनिक संडास लांब. आणि चालत्या गाडीत मुलाला "थांबव रे" असं किती वेळा म्हणायचं? "त्यापेक्षा न प्यायलेलं बरं," त्या म्हणाल्या. "आणि मिलिंदला सांगू नकोस हं. उगाच त्याच्या डोक्याला ताप."

परत आल्यावर त्या तापाने पडल्या होत्या, त्याचा उलगडा मला तेव्हा झाला. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. एवढ्या लांबून माणसं आपल्याकडे येतात, आणि आपण सरोवरं बघत हिंडायचं आणि त्यांनी घरी भाज्या निवडत बसायचं? ते मला चालणार नव्हतं.

"मोठा ट्रेलर घ्यायचा," मी संध्याकाळी जाहीर केलं. "आईबाबांना वेगळी खोली आणि नीट बाथरूम असलेला."

मिलिंदने मला गॅरेजमध्ये नेलं, ट्रकचं दार उघडलं आणि दाराच्या आतल्या बाजूचं स्टिकर दाखवलं. माणसं आणि सामान मिळून या गाडीत अठराशे पौंडांपेक्षा जास्त वजन कधीही घालू नये, असं त्यावर छापलेलं होतं. म्हणजे आपले साधारण आठशे किलो.

"पण हा ट्रक नऊ हजार पौंड ओढतो म्हणून तूच मिरवत होतास ना?"

"ओढतो. पण ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं." मग त्याने मला हात हलवून हलवून समजावलं. ट्रेलरचं नाक ट्रकच्या शेपटीवर टेकलेलं असतं. ट्रेलरच्या वजनाचा आठवा भाग तरी तिथे ट्रकच्या पाठीवर बसतो. म्हणजे त्या अठराशेत आम्ही सहाजण, आमच्या मांडीवरच्या पिशव्या आणि ट्रेलरचं नाक, सगळं आलं. "सो, माणसं जितकी जास्त, तितका ट्रेलर छोटा घ्यावा लागतो."

"आणि ट्रेलर मोठा हवा कशासाठी? तर माणसं जास्त आहेत म्हणून!"

"एक्झॅक्टली!" तो इतका खूष होऊन म्हणाला, की मीच काहीतरी शोध लावल्यासारखं मला वाटलं.

त्यानंतर ती वजनं विचारणं झालं. बाबांनी किलोत, दशांश चिन्हासकट सांगितलं. आईंनी जे सांगितलं ते बहुधा त्यांच्या लग्नातलं असावं. मिलिंदने आईच्या आकड्यात काही मिळवायची हिंमत केली नाही, ते दहा पौंडही माझ्याच खात्यात टाकले असावेत असा मला अजून संशय आहे.

इंडियाना

इंडियानाच्या उत्तर भागात ट्रेलर बनवायचे कारखाने आहेत आणि विकायची मोठमोठी पटांगणं आहेत. जुना ट्रेलर तिथे देऊन नवा घ्यायचा आणि तसंच पुढे लेक मिशिगनच्या काठाने उत्तरेकडे जायचं, असं ठरलं. आई यायला तयार नव्हत्याच. "ओटा कसा असावा ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?" असं म्हणून मी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. त्यांनी अट घातली, "बघायला येते. पण मला जमण्यासारखा नसला तर तिथून आम्ही दोघं घरी. तुम्ही तुमचे जा."

इंडियानात शिरलो तशी दोन्ही बाजूंना मका, मका आणि मका. मध्येच रस्त्याच्या कडेने काळी घोडागाडी टपटपत जायची. या भागात आमिश लोक राहतात. ते मोटारी वापरत नाहीत, साधे गडद कपडे घालतात, बायका डोक्यावर पांढरी टोपी बांधतात. गंमत म्हणजे स्वतः घोडागाडीने फिरणारी यातली पुष्कळ माणसं कामाला जातात ती ट्रेलरच्या कारखान्यात. बाबांनी एका घोड्याकडे बराच वेळ वळून पाहिलं आणि मिलिंदला विचारलं, "याच्या दारावर काही स्टिकर नसेल, नाही?"

दुपारी आमिश पद्धतीच्या एका खाणावळीत जेवलो. मोठ्या टेबलावर वाडगे येतात आणि जो तो वाढून घेतो, अगदी आपल्या पंगतीसारखं, फक्त आग्रह नाही. आईंना ते खटकलं. "वाढायला कुणी येत नाही, मग पोट भरलं हे कळणार कसं?" घेवड्याच्या शेंगांची भाजी त्यांनी कौतुकाने घेतली, तर त्यात मांसाचे तुकडे निघाले. मग आम्ही शाकाहारी माणसांनी ब्रेड आणि तीन प्रकारचे 'पाय', म्हणजे आत फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, यांवर भूक भागवली. पीच पाय आईंना आवडला. "पुरणपोळीत पुरणाऐवजी मुरांबा घातलाय," असा निकाल त्यांनी दिला आणि आणखी एक तुकडा घेतला. पाणी मात्र दोन घोट.

पटांगणात रॉन नावाचा विक्रेता आमच्या वाट्याला आला. आडव्या बांध्याचा, हसरा, सगळ्यांना "फोक्स" म्हणणारा. त्याने पहिलाच जो ट्रेलर दाखवला तो बघून आम्ही गारच झालो. आत खोटी शेकोटी, मधोमध सुटा ओटा, मुलांना एकावर एक पलंगांचे चार बंक आणि मागे एक जास्तीचं बाथरूम. इराने एका बंकवर अंग टाकून "धिस वन इज माइन," असं जाहीरही करून टाकलं.

आईंनी शेकोटीकडे बघितलंसुद्धा नाही. त्या सरळ बाथरूममध्ये गेल्या आणि आतून कडी लावून घेतली. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. रॉन अस्वस्थ झाला. "इज शी ओके?"

"शी इज टेस्टिंग," मी म्हटलं.

आत त्या कमोडचं झाकण पाडून, त्यावर बसून, गुडघे कुठे लागतात का, उठताना हाताला काही आधार मिळतो का, हे दोनतीनदा बघत होत्या. बाहेर आल्या त्या खुलूनच. "प्रशस्त आहे गं," मला म्हणाल्या.

तेवढ्यात मिलिंद ट्रेलरच्या दारावरचं वजनाचं स्टिकर वाचून आला. त्याचा चेहरा पाहून मला कळलं. रॉन त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "युवर ट्रक विल पुल दॅट ऑल डे, बडी."

"पुल करेल. कॅरी कोण करणार?" मिलिंद मराठीतच पुटपुटला. मग रॉनला त्याने इंग्रजीत असं काही गणित समजावलं, की रॉनने टोपी काढून डोकं खाजवलं.

"डॅड, प्लीज! इट्स ओन्ली अ लिटल ओव्हर," इरा म्हणाली.

"ब्रेकला लिटल कळत नाही, इरा."

दुसरा ट्रेलर हलका होता, पण त्यातून आई अर्ध्या मिनिटात परत आल्या आणि काही न बोलता खाली उतरल्या. तेवढं पुरे होतं. मग ऊन तापलं, अर्णवला भूक लागली, बाबा एका घडीच्या खुर्चीवर बसून झोपले. पाचसहा ट्रेलर झाले. जिथे वजन जमायचं तिथे बाथरूम जमायचं नाही, आणि जिथे बाथरूम जमायचं तिथे मिलिंद मान हलवायचा. एरवी स्थळं बघताना माणसं एवढी दमत नसतील. "राहू दे रे," आई म्हणाल्या. "माझ्यापायी सगळ्यांना उन्हात कशाला?" मी त्यांचा हात धरून पुढच्या रांगेकडे निघाले, कारण या "राहू दे" नंतर त्यांना कुणी हलवू शकत नाही.

शेवटच्या रांगेत एक साधा, राखाडी ट्रेलर उभा होता. शेकोटी नाही, बेटासारखा ओटा नाही. पुढे दार असलेली झोपायची खोली, मागे दोन बंक, मध्ये आमच्या दोघांसाठी सोफ्याचा पलंग. बाथरूम कोपऱ्यात, पण सपाट, पायरीशिवाय, आणि हाताशी भिंतीला पक्की दांडी. आई आत गेल्या, कडी लावली. आम्ही सगळे बाहेर श्वास रोखून उभे. मिलिंद स्टिकर वाचत होता.

कडी निघाली. "चालेल," आई म्हणाल्या.

"चालेल," मिलिंदही म्हणाला. "जस्ट. अगदी जस्ट. पण हे ड्राय वेट आहे हं."

ड्राय वेट म्हणजे ट्रेलर कारखान्यातून निघताना जेवढा भरतो तेवढं वजन. त्यात पाणी नाही, कपडे नाहीत, भांडी नाहीत आणि तूरडाळ तर नाहीच. मिलिंदने त्याच्या गणितात स्वयंपाकघरासाठी शंभर पौंड धरले होते. आईंनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघीही गप्प राहिलो.

वजनकाटा

आता आम्ही काय काय आणलं होतं ते सांगते. बासमतीची गोणी, कणकेची गोणी, तूर, मूग आणि मसूर. दोन कुकर, कारण एकात भात असताना वरण कशात लावणार? लोखंडी तवा. गूळ. लोणच्याच्या बरण्या. थालीपिठाची भाजणी. आणि आईंचा पुण्याहून आणलेला लोखंडी खलबत्ता, ज्याच्याशिवाय त्यांच्या चहात आलं पडत नाही. आपण चार दिवसांना निघालो की आठ दिवसांचं घेतो, आणि आठ दिवसांना निघालो की संसार घेतो. इथले लोक एक कूलर आणि सॉसेजची पाकिटं घेऊन महिनाभर हिंडून येतात, ते कसं ते मला अजून कळलेलं नाही.

मिलिंद रॉनबरोबर सह्या करायला गेला. जाताना बजावून गेला, "जुन्यातून नव्यात सामान टाका, पण ट्रेलर हलका ठेवा हं. प्लीज."

सामान जड झालं की काय करायचं, हे आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही. विमानतळावरच्या काउंटरसमोर बॅगा उघडून उघडून आपण ते शिकलेलो असतो. बॅगेतलं काढायचं आणि हॅन्डबॅगेत घालायचं. हॅन्डबॅग कोण तोलतंय? बाबांनी पुण्याहून येताना वापरलेला बॅगा तोलायचा हाताचा काटा बाहेर काढला, आणि आम्ही तिघांनी बघता बघता जड ते सगळं ट्रेलरमधून काढून ट्रकमध्ये हलवलं. गोण्या सीटच्या खाली, डाळी आमच्या पायाशी, कुकर आणि तवा मागच्या हौद्यात चादरीखाली. खल आईंच्या पर्समध्ये गेला. बत्ता राहिला, तर बाबांनी तो आपल्या जॅकेटच्या खिशात टाकला. "विमानात मी नेहमी असंच करतो," म्हणाले. ट्रेलर हलका झाला. आम्ही फार खूष.

हायवेला लागण्याआधी मिलिंदने ट्रक मोठ्या ट्रकांच्या थांब्यावर घेतला. तिथे जमिनीतच वजनकाटा असतो. सगळं लटांबर त्यावर नेऊन उभं करायचं, की ट्रकच्या चाकांवर किती आणि ट्रेलरच्या चाकांवर किती, हे वेगवेगळं छापून येतं. आम्ही सहाजण आत ताठ बसलो, फोटो काढताना बसतात तसे. अर्णवने तर श्वासही रोखून धरला. मिलिंद कागद घेऊन आला आणि त्याने गाडी बाजूला लावली.

"ट्रेलर हलका आलाय. माझ्या कॅल्क्युलेशनपेक्षाही हलका," तो म्हणाला. "पण ट्रक दोनशे पौंडांनी ओव्हर आहे. हे शक्यच नाही. कुणी काय ठेवलंय आत?"

आम्ही सगळे खिडकीबाहेर बघायला लागलो. शेवटी बाबांनी खिशातून बत्ता काढला आणि डॅशबोर्डवर ठेवला. त्या आवाजाने इरा फिस्सकन हसली. मग एकेक करून सगळंच बाहेर आलं. सीटखालची गोणी ओढताना ती फाटली आणि मूगडाळ ट्रकभर झाली.

"अहो बाबा," मिलिंद कपाळावर हात मारून म्हणाला, "इथे हॅन्डबॅगच तोलतात!"

तिथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग मिलिंद गंभीर झाला. उतारावर एवढ्या वजनाने गाडी वेळेवर थांबणार नाही, वळणावर मागचा भाग झोके खाईल, मी हे चालवणार नाही, असं म्हणाला. त्यात तो बरोबरच होता. डाळतांदूळ ट्रेलरमध्ये परत टाकायचे, पण मग आधी ट्रेलरमधलं पाणी सोडून द्यावं लागेल, नाहीतर ट्रेलरचं नाक ट्रकवर जड होईल. "रस्त्यात काय करायचंय पाणी? कॅम्पवर गेल्यावर भरू."

ते पाणी मी टाकीत अर्ध्यापर्यंत मुद्दाम भरून घेतलं होतं. रस्त्यात कुठेही बाजूला थांबलं, की आईंना आपलं बाथरूम वापरता यावं म्हणून. मी म्हटलं, "पाणी राहील."

"मग वजन कुठून कमी करू?"

बाबा शांतपणे म्हणाले, "आम्ही दोघं उतरलो की झालं ना? तुझं गणित सुटतं. ट्रॉयमधलं कुणीतरी न्यायला येईल. जा तुम्ही, मजा करा." आणि आईंनी लगेच मान डोलावली. एवढंच नाही, पर्सही उचलली. जणू त्या या क्षणाची वाटच बघत होत्या.

मी चिडले की माझी नागपुरी बाहेर पडते आणि आवाजाला धरबंध राहत नाही. "काहून उतरायचं त्यांनी?" मी भर पार्किंगमध्ये ओरडले. "ट्रेलर कुणासाठी घेतला बे हा? तुझी आई मागच्या साली आठ दिवस पाणी प्यायली नाही, माहीत आहे का तुला? संडासाला जाता येत नव्हतं म्हणून! तू थांबणार नाहीस म्हणून! आणि तू पाणी ओतायला निघाला. मोठा आला वजनं मोजणारा!"

शेजारच्या ट्रकमधला ड्रायव्हर खिडकीतून बघायला लागला. आई लाजून लाल झाल्या. "अगं मृणाल, हळू बोल. साऱ्या अमेरिकेला सांगतेस का?"

मिलिंदने हातातला कागद खिशात घातला. मग आईंच्या दाराशी गेला. "आई, तू मला सांगायचं नाहीस?"

"काय सांगायचं? तू गाडी चालवत होतास. म्हटलं, कशाला तुला सारखं थांबवा."

"अगं, मी ब्रेक बनवतो," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "थांबणं हाच माझा धंदा आहे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी कबूल करते. बाबा मूगडाळ वेचायला खाली वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत.

मग मिलिंद हौद्याकडे गेला आणि कडेची त्याची लोखंडी पेटी त्याने खाली ओढली. तिच्यात हत्यारं होती. तिच्यामागून एक जॅक निघाला, मग दुसरा जॅक, लाकडी ठोकळे, साखळदंड, आणि एका बादलीत नुसते नटबोल्ट. "हे कशाला?" मी विचारलं.

"असू दे म्हणून," तो चाचरत म्हणाला.

बाबांनी हातातला काटा पुढे केला. पेटी त्याला पेलली नाही, काट्याने नुसतीच एरर दाखवली. मिलिंदच्याच हिशेबाने आमच्या डाळतांदळांचं, कुकरांचं आणि खलबत्त्याचं मिळून जेवढं वजन होतं, त्याच्या वर एकट्या त्याच्या "असू दे"चं होतं. इरा म्हणाली, "सो इट रन्स इन द फॅमिली." त्यावर पहिल्यांदा आई हसल्या, मग सगळेच.

पेटी आणि तिची पिलावळ आम्ही परत जाऊन रॉनकडे ठेवली. पहिल्या सर्व्हिसिंगला पुन्हा यायचंच होतं. राखणीबद्दल त्याला बेसनाचे लाडू दिले. त्याने एक तिथेच खाल्ला, दुसरा हातात तोलला आणि विचारलं, "हाऊ मच डझ वन ऑफ दीज वे?" एक जॅक मात्र मिलिंदने ठेवलाच, आणि ते बरोबरही होतं. डाळतांदूळ ट्रेलरमध्ये चाकांच्या बरोबर वर, सोफ्याखाली गेले. पाणी राहिलं. पुन्हा काट्यावर उभे राहिलो आणि या वेळी आकडा आत आला. थोडक्यात, पण आत. आईंनी तिथेच ट्रेलरला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नारळ फोडला. बाबा म्हणाले, नारळाचं पाणी सांडलं तेवढं वजन अजून कमी झालं.

सरोवराचा काठ

लेक मिशिगन पहिल्यांदा बघणारा माणूस त्याला सरोवर म्हणायला तयारच होत नाही. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वाळूत मुलं किल्ले करतात. गेल्या वर्षी आम्ही या बाजूला आलो नव्हतो. बाबा पँट दुमडून पाण्यात गेले, ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं आणि परत आले. "गोडं आहे," ते म्हणाले, पण असं, की जणू कुणीतरी त्यांना फसवलंय.

कॅम्पवर ट्रेलर उलटा नेऊन जागेत बसवायचा असतो. अनुभवी अमेरिकन नवराबायको हे एका हाताच्या खुणेत करतात. आमच्याकडे बाबा मागे उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होते, आई "अरे झाड, झाड!" म्हणत होत्या, मी डावीकडे हात करत होते आणि अर्णव उजवीकडे. इरा "आय डोन्ट नो दीज पीपल" म्हणून लांब जाऊन बसली. पिकनिकच्या टेबलाला जरासा धक्का लागला तेव्हा बाबा म्हणाले, "बास, बास." शेवटी शेजारच्या डोना नावाच्या आजीबाई आल्या, आम्हा सगळ्यांना गप्प केलं आणि मिलिंदला नीट मागे घेतलं.

या उपकाराची फेड म्हणून आईंनी त्यांना घर दाखवायला बोलावलं. आईंचं इंग्रजी मोजकं आहे, पण ठाम आहे. "धिस, किचन. धिस, माय रूम. अँड धिस," त्यांनी बाथरूमचं दार सताड उघडलं, "व्हेरी गुड. सिट, सिट." डोनाबाई खरोखरच बसून बघून आल्या. मग दोघी बाहेर खुर्च्या टाकून बसल्या. आईंनी त्यांना आल्याचा चहा पाजला आणि स्वतः दोन कप घेतले. मला ते दिसलं.

पुढच्या प्रवासात मिलिंदला काहीतरी झालं होतं. जो माणूस पेट्रोल संपेपर्यंत थांबत नसे, तो दर थोड्या वेळाने गाडी बाजूला घ्यायचा. कधी पाय मोकळे करायचे, कधी टायर बघायचे, कधी "वा, काय व्ह्यू आहे" म्हणून, आणि व्ह्यू बघावा तर समोर बटाट्याचं शेत. आई मला हळूच म्हणाल्या, "याला डॉक्टरला दाखवायला हवं का गं? किती थांबतो हा!"

उत्तरेकडे चेरीच्या बागा लागल्या. रस्त्याकडेला टेबलावर चेरीच्या टोपल्या मांडलेल्या, शेजारी पैसे टाकायला डबा, आणि माणूस कुणीच नाही. बाबांनी डब्यात पैसे टाकले आणि पावती देणारं कुणी आहे का म्हणून बराच वेळ इकडेतिकडे पाहिलं. आईंनी भरपूर चेऱ्या घेतल्या आणि संध्याकाळी मुरांबा केला. बरण्या ट्रेलरमध्ये ठेवताना मिलिंद मागे येऊन उभा राहिला. त्याने एक बरणी हातात घेतली, मनात तोलली, आणि सोफ्याखाली, चाकांच्या वर ठेवली. नवरा सुधारतो, वेळ लागतो.

पुलाच्या अलीकडे

मिशिगनच्या खालच्या भागाचं टोक जिथे संपतं तिथून पलीकडे एक लांबच लांब झुलता पूल जातो. दोन सरोवरं तिथे एकमेकांना भेटतात. आमचा प्रवास इथपर्यंतच आखलेला होता. मिलिंदने आणि मी तो आईंच्या तब्येतीला झेपेल एवढाच ठेवला होता. शेवटच्या दिवशी आम्ही पाण्याकाठी ट्रेलर लावून पोहे खाल्ले. वारा होता, पुलाचे मनोरे उन्हात पांढरे दिसत होते, आणि त्यावरून मुंग्यांएवढ्या गाड्या पलीकडे चालल्या होत्या. मिलिंद परतीसाठी टायरची हवा बघत होता.

आई खुर्चीत बसून बराच वेळ पुलाकडे बघत होत्या. "पलीकडे काय आहे रे?" त्यांनी विचारलं.

"मिशिगनच आहे, आई. वरचा भाग. जंगलं आहेत, धबधबे आहेत. पुढे अजून एक सरोवर आहे, याच्याहून मोठं."

"याच्याहून?"

"हो. पण खूप लांब आहे. रस्त्यात मैलोनमैल काहीच नसतं, गाव नाही, काही नाही. तू दमशील. आपण इथूनच फिरू या ना आता, ठरल्याप्रमाणे."

बाबांनीही मान डोलावली. मी पोह्यांच्या बश्या गोळा करत होते.  आई शेजारचा तांब्या उचलून पाणी प्यायल्या, सगळं. मग दाराजवळच्या दांडीला धरून ट्रेलरमध्ये चढल्या. आतून कडी लागल्याचा आवाज आला. आम्ही वाट बघत उभे राहिलो. थोड्या वेळाने त्या पदराला हात पुसत खाली उतरल्या, ट्रकच्या पुढच्या दाराशी गेल्या आणि तिथून आम्हा सगळ्यांवर डाफरल्या.

"बघत काय उभे राहिलात? माझं झालंय. चला, पलीकडे जायचंय आपल्याला."